दीनार : एक शब्द, तीन धातू

प्राचीन भारतीय ग्रंथांचा काळ निश्चित करताना ज्या मोजक्या बाह्य प्रमाणांचा आधार घेतला जातो, त्यांत ‘दीनार’ या शब्दाचे स्थान महत्त्वाचे आहे. हा शब्द मूळचा भारतीय नव्हे. रोमच्या ‘देनारिअस’ या चांदीच्या नाण्याचे नाव ग्रीक रूपातून भारतात आले आणि संस्कृत-प्राकृतात रुजले, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा ज्या ग्रंथात दीनार आढळतो तो ग्रंथ रोमशी व्यापार वाढीस लागल्यानंतरचा, असे अनुमान स्वाभाविकपणेच निघते. हेर्मान याकोबी यांनी १८८४ मध्ये कल्पसूत्राचे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील लक्ष्मीच्या वर्णनात येणाऱ्या दीनारमालेकडे त्यांनी लक्ष वेधले. युलिउस योली यांनी १८८९ मध्ये नारदस्मृतीच्या काळाचा विचार करताना याच शब्दाची साक्ष काढली. हरिवंश, दिव्यावदान, पंचतंत्राची परंपरा या सर्वांच्या बाबतीत ही साक्ष पुढे वारंवार काढली गेली. ती इतकी परिचित झाली आहे की तिची उलटतपासणी क्वचितच होते.

ही उलटतपासणी व्हावयास हवी. कारण या अनुमानात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : शब्द जेथे आहे तेथे ते नाणेही आहे, आणि नाणे ज्या काळचे त्याच काळचा शब्द आहे. देनारिअसचा इतिहास पाहिला तर या दोन्ही गृहीतांना आधार मिळत नाही. नाण्याचे नाव, वजन, त्यातील धातू आणि त्याचे मूल्य या चार गोष्टी रोममध्येही फार काळ एकत्र नांदल्या नाहीत. भारतात तर त्यांची पूर्ण फारकत झाली.

देनारिअस प्रथम पाडला गेला तो इ. स. पू. २११ च्या सुमारास, हॅनिबलशी चाललेल्या युद्धाच्या धामधुमीत. ‘आस’ नावाच्या दहा ब्राँझ नाण्यांबरोबर त्याचे मूल्य होते. म्हणून त्याचे नाव दहाच्या संख्येवरून पडले आणि त्यावर दहाचा रोमी अंक उमटविला गेला. परंतु इ. स. पू. १४१ च्या सुमारास रोमी शासनाने त्याचे मूल्य सोळा आस ठरविले. नाणे सोळांचे झाले, नाव मात्र दहांचेच राहिले. म्हणजे जन्मानंतर अवघ्या सत्तर वर्षांत हे नाव वस्तुस्थितीशी विसंगत झाले होते, आणि त्यामुळे कोणाचेही अडले नाही. व्यवहारात नाव चालते ते सवयीने.

यानंतरची दोन शतके चांदीच्या दृष्टीने या नाण्याच्या वैभवाची होत. एका रोमी पौंडात ८४ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.९ ग्रॅम, आणि चांदी जवळजवळ शुद्ध. या काळातील लौकिकाची एक कथा थोरल्या प्लिनीने नोंदविली आहे. सम्राट क्लॉडिअसच्या कारकीर्दीत अॅनिअस प्लोकॅमस या कराच्या मक्तेदाराचा एक मुक्तदास अरबस्तानच्या किनाऱ्याने जात असता वादळात सापडला आणि तप्रोबेन म्हणजे सिंहलद्वीपास जाऊन पोचला. तेथील राजाने त्याच्याजवळचे देनारिअस पाहिले. त्यांवरील मुखे निरनिराळी होती, अर्थात ती निरनिराळ्या सम्राटांनी पाडलेली होती. पण वजन सर्वांचे सारखे होते. एवढ्यावरून राजाला रोमी लोकांच्या सचोटीविषयी आदर वाटला. प्लिनीने ही कथा अभिमानाने सांगितली आहे. मात्र त्याचा ग्रंथ इ. स. ७७ च्या सुमारास पूर्ण झाला, आणि त्यापूर्वीच, इ. स. ६४ मध्ये, नीरोने हे वजन कमी करून एका पौंडात ९६ नाणी पाडण्यास प्रारंभ केला होता. चांदीत तांबेही मिसळले जाऊ लागले होते. ज्या सचोटीचे कौतुक सिंहलच्या राजाने केले, ती कौतुक लिहून होईपर्यंत सरली होती.

नीरोच्या नाण्यात चांदी नेमकी किती होती, या प्रश्नाचे उत्तर मिळविण्याच्या प्रयत्नांचा इतिहासही बोधप्रद आहे. १९७० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने झालेल्या परीक्षणांतून चांदीचे प्रमाण शेकडा ९० हून अधिक निघाले होते. पुढे नाण्याच्या गाभ्यातील धातू काढून परीक्षण झाले, तेव्हा नीरोच्या प्रारंभीच्या हलक्या नाण्यांत ते शेकडा ८० च्या आसपासच असल्याचे आढळले. कारण असे की टांकसाळीत नाणे ठोकण्यापूर्वी चकतीच्या पृष्ठभागावरील तांबे काढून टाकले जाई; त्यामुळे वरचा थर शुभ्र आणि शुद्ध दिसे, आत मात्र भेसळ असे. वरवरच्या परीक्षणाने फसवणूक होते, हा धडा ग्रंथांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

पुढील घसरण थोडक्यात सांगण्यासारखी आहे. डोमिशियनने इ. स. ८२ मध्ये शुद्धता पुन्हा वाढविली, परंतु तीनच वर्षांत त्याला माघार घ्यावी लागली. सेप्टिमिअस सेवेरसने १९४ च्या सुमारास चांदीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. त्याचा मुलगा काराकाला याने २१५ मध्ये एक नवे नाणे काढले. ते दोन देनारिअसांच्या मोलाचे समजले जाई, पण त्यात चांदी दीड देनारिअसाएवढीच होती. त्या शतकाच्या सातव्या दशकात, गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत, या नव्या नाण्यातही चांदी शेकडा पाचाहून कमी उरली. मूळ देनारिअस तोवर नित्याच्या चलनातून नाहीसाच झाला होता. तरीही ३०१ मध्ये डायोक्लेशियनने वस्तूंच्या कमाल किंमतींचे फर्मान काढले, तेव्हा प्रत्येक किंमत देनारिअसांतच लिहिली गेली. त्या फर्मानात एक पौंड सोन्याची किंमत ७२,००० देनारिअस आहे. ज्या चांदीच्या नाण्यात हा हिशेब मांडला, ते नाणे बाजारात नव्हते. राहिले होते ते हिशेबाचे परिमाण.

भारतीय वाचकाला हे नवलाचे वाटू नये. ‘रुपया’ या शब्दामागे ‘रूप्य’ आहे. १८३५ च्या कंपनी सरकारच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. १९४० मध्ये ती निम्मी झाली आणि १९४७ मध्ये रुपया निकलचा झाला. शब्दाला त्याचा पत्ताही लागला नाही. मराठीतील ‘दाम’ हा तर ग्रीक ‘द्राख्म’चा, ‘द्रम्म’ या रूपाने उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांतून चालत आलेला वंशज. खिशात छदामही नसलेले पात्र एखाद्या मराठी कादंबरीत आढळले, म्हणून त्या कादंबरीचा काळ कोणी मिनँडरच्या नाण्यांवरून ठरवीत नाही. दीनाराच्या बाबतीत मात्र जवळजवळ तेच केले जाते.

आता भारतात प्रत्यक्ष आलेल्या नाण्यांकडे वळावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात भडोचच्या आयातीत सोन्याचे व चांदीचे देनारिअस नमूद केले आहेत. स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल केल्यास नफा होतो, असेही त्यात म्हटले आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयास हवी : रोमी जगात सोन्याच्या नाण्यालाही ‘सोन्याचा देनारिअस’ म्हणत. म्हणजे भारतात हे नाव उतरले तेच मुळी दोन धातूंसाठी.

दक्षिणेत, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात आणि तेलंगणात, रोमी चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे मिळाले. त्यांत दोन सम्राटांचे प्राबल्य आहे : ऑगस्टस आणि टायबेरिअस. ऑगस्टसच्या गाइअस व लूसिअस या दत्तक पुत्रांच्या आकृती असलेले, आजच्या लिआँ येथे पाडलेले नाणे तर या साठ्यांत पुन्हा पुन्हा येते. नीरोने वजन घटविल्यानंतरची चांदीची नाणी मात्र भारतात विरळ आहेत. यावरून ऑगस्टस-टायबेरिअसांच्या काळी व्यापार भरात होता आणि नीरोनंतर तो ओसरला, असा सरळ निष्कर्ष पूर्वी काढला जाई. तो आता तितका सरळ राहिलेला नाही. नवे नाणे हिणकस निघाल्यावर जाणता व्यापारी जुने नाणे शोधून तेच देशाबाहेर नेतो. टॅसिटसने इ. स. ९८ मध्ये जर्मन टोळ्यांविषयी लिहिताना हेच नोंदविले आहे : त्या जुनी, ओळखीची, दातेरी कडांची किंवा दोन घोड्यांच्या रथाची नाणीच पसंत करीत. राइनकाठी जे घडत होते ते मलबारच्या किनाऱ्यावर घडले असण्यास कोणतीच अडचण नाही. तेव्हा टायबेरिअसचे मुख असलेले नाणे भारतात टायबेरिअसच्याच हयातीत आले, असे मानता येत नाही. साठा पुरला केव्हा, हा तर त्याहून वेगळा प्रश्न.

या विवेकाची गरज संगम साहित्याच्या अभ्यासात अधिक भासते. अकनानूरूतील एका कवितेत यवनांची जहाजे मुसिरीस पोन् घेऊन येतात आणि मिरी घेऊन परततात, असे वर्णन आहे. इतिहासकार या कवितेला नाण्यांच्या साठ्यांचा आधार देतात; वाङ्मयाचे अभ्यासक साठ्यांवरून कवितेचा काळ सुचवितात. दोन्ही प्रमाणे एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात. पण ‘पोन्’चे भाषांतर ‘सोने’ असे झाले की एक बारीक अडचण दृष्टीआड होते. सर्वांत आधीच्या साठ्यांत चांदीच्या नाण्यांचा भरणा मोठा आहे, आणि तमिळमध्ये ‘पोन्’ हा शब्द सोन्याप्रमाणेच सामान्यतः धातू व संपत्ती या अर्थांनीही येतो. कवीला पिवळ्या धातूचाच निर्देश करावयाचा होता की मौल्यवान धातूचा, हे कवितेच्या अंतर्गत प्रमाणांवरून ठरवावे लागेल. ते नाण्यांवर सोपविता येणार नाही.

शब्दाच्या अनुपस्थितीवरून काढलेला निष्कर्षही तितकाच धोक्याचा आहे. याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात सत्तर हजार कार्षापणांचा निर्देश आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, या दराने ते दोन हजार सुवर्ण होतात, असा स्पष्ट हिशेबही दिला आहे. याच नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे मिळाली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला होता. भडोचचे बंदर ज्यांच्या सत्तेखाली होते, देनारिअस ज्यांच्या हद्दीत उतरत होते, त्यांच्याच या हिशेबात दीनार नाही. कार्षापण आहे, सुवर्ण आहे. हा लेख उद्या ताडपत्रावरील अनामिक ग्रंथाचा तुकडा म्हणून हाती आला असता, तर दीनार नाही म्हणून तो रोमी व्यापारापूर्वीचा ठरविण्याचा मोह कोणाला झाला नसता? उलट नागार्जुनकोंड्याच्या तिसऱ्या शतकातील इक्ष्वाकूंच्या लेखात ‘दीनारिमाषक’ असा जोडशब्द भेटतो. तोवर रोमी नाव देशी मापाशी सोयरीक करून मोकळे झाले होते.

पुढे हा शब्द सोन्याचा झाला. गुप्तकाळात दीनार म्हणजे राजाची सुवर्णमुद्रा. साँची येथील गुप्त संवत् ९३ च्या, म्हणजे इ. स. ४१२-१३ च्या लेखात आम्रकार्दवाने आर्यसंघाला पंचवीस दीनार दिल्याची नोंद आहे. आज बांगलादेशात असलेल्या बैग्राम येथील ४४७-४८ च्या ताम्रपटात एक कुल्यवाप जमिनीचा दर दोन दीनार आहे, आणि त्यातील हिशेबावरून एका दीनाराचे सोळा रूपक होतात. येथे चांदीच्या नाण्यासाठी ‘रूपक’ हा निराळा शब्द योजावा लागला, कारण जन्माने चांदीचा असलेला शब्द सोन्याने अडविला होता. अमरकोशात ‘निष्क’ या जुन्या शब्दाच्या अर्थांत दीनाराची गणना होते, तीही याच अवस्थेची निदर्शक. परका शब्द इतका घरचा झाला की जुन्या घरच्या शब्दाचा अर्थ त्याच्या आधारे सांगितला जाऊ लागला.

आणि काश्मीरमध्ये तो सोन्याचाही राहिला नाही. कल्हणाने बाराव्या शतकाच्या मध्यास रचलेल्या राजतरंगिणीत नवव्या शतकातील अवंतिवर्म्याच्या काळची एक हकीकत आहे. सुय्य नावाच्या कर्तबगार पुरुषाने वितस्तेचे पाणी आवरले, जमीन लागवडीखाली आणली, आणि पूर्वी सुबत्तेतही दोनशे दिन्नारांस मिळणारी तांदळाची खारी छत्तीस दिन्नारांस मिळू लागली. खारी म्हणजे ढोबळ मानाने ऐंशी किलो. बैग्रामच्या दोन दीनारांत एक कुल्यवाप जमीन. आणि काश्मीरच्या छत्तीस दिन्नारांत, तीही स्वस्ताईच्या दिवसांत, एक खारी तांदूळ! दोन्हीकडे शब्द एकच. पण दोन्हीकडे सोने मानले तर सुय्याची कीर्ती दुष्काळाची कथा ठरेल. ऑरेल स्टाइन यांनी राजतरंगिणीच्या १९०० मधील भाषांतराबरोबर काश्मीरच्या चलनाचे जे विवेचन केले, त्यातून स्पष्ट झाले की हा दिन्नार तांब्याच्या चलनावर आधारलेले, अगदी अल्प मूल्याचे हिशेबी परिमाण होता. डायोक्लेशियनच्या रोममध्ये देनारिअसाची जी गती झाली, तीच काही शतकांनी हिमालयाच्या कुशीत त्याच्या नावाची झाली. रोममध्ये चांदी, गुप्तांच्या राज्यात सोने, काश्मीरमध्ये तांबे : एका शब्दाने तीन धातू पाहिले.

या पार्श्वभूमीवर ग्रंथांतील दीनार पुन्हा वाचावेत. दिव्यावदानातील अशोककथेत सम्राट अशोक निर्ग्रंथाचे शिर आणून देणाऱ्यास दीनार देण्याची घोषणा करतो. आणि त्या लोभाने त्याचा स्वतःचा भाऊ वीताशोक मारला जातो. अशोकाचा मृत्यू इ. स. पू. २३२ च्या सुमाराचा. त्यावेळी भारतात तर राहोच, रोममध्येही देनारिअस नव्हता. तो पाडला जाण्यास अजून वीस वर्षे होती. कथाकाराने आपल्या काळचे नाणे अशोकाच्या हाती दिले, एवढाच त्याचा अर्थ. कथेचा गाभा किती जुना, या प्रश्नाला तो शब्द स्पर्शही करीत नाही. कथा सांगणारा वस्तू नेहमीच आपल्या बाजारातून आणतो, आणि पुढचा सांगणारा त्या पुन्हा बदलतो.

कल्पसूत्रातील दीनारमाला तर आणखी सावधपणे पाहावयास हवी. मराठवाड्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, आणि तेलंगणातील कोंडापूर येथे रोमी नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आहेत. त्यांतील काही ओवून गळ्यात घालण्याजोग्या आहेत. नाणे दागिना झाले की त्याचा चलनाशी संबंध तुटतो. पुतळ्यांची माळ घालणारी मराठी गृहिणी त्या पुतळ्यांवर बाजार करीत नाही, आणि पुतळ्या ज्या शतकातल्या त्याच शतकात ती जगत असते असेही नाही. अलंकार म्हणून दीनार दोन-चार पिढ्या सहज टिकतो. वर्णनाचा साचा म्हणून तर शतकानुशतके. याकोबी यांनी या शब्दावरून त्या वर्णनापुरता निष्कर्ष काढताना दाखविलेली सावधगिरी पुढच्या अनेकांना राखता आली नाही.

मग दीनाराची साक्ष निरुपयोगी समजावी काय? तसे मुळीच नाही. ज्या वाक्यात तो शब्द आहे ते वाक्य, त्या रूपात, इसवी सनाच्या प्रारंभापूर्वी फारसे मागे नेता येत नाही, एवढे तो निश्चित सांगतो. ही पूर्वमर्यादा मोलाची आहे. परंतु ती वाक्याची आहे, ग्रंथाची नव्हे; आणि पूर्वमर्यादा म्हणजे काळ नव्हे. या दोन भेदांकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच वाङ्मयेतिहासांत एका शब्दावर संपूर्ण ग्रंथांची शतके उभारली गेली.

यातून काही कर्तव्ये उघडच निष्पन्न होतात. चिकित्सित आवृत्ती उपलब्ध असेल तेथे हा शब्द स्वीकृत संहितेत आहे की तळटीपेतील पाठांत वा परिशिष्टांत, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारत व हरिवंश यांच्या चिकित्सित आवृत्त्या सिद्ध केल्यानंतरही जुन्या छापील प्रतींतील श्लोकांक देऊन दीनाराची साक्ष काढणे, हा आळसच म्हणावा लागेल. दुसरे, कोशांनी ‘एक सुवर्णनाणे’ एवढ्या अर्थावर न थांबता प्रदेश, काळ व धातू यांचा निर्देश करावा. तिसरे, भाषांतरकारांनी प्रत्येक दीनाराची ‘मोहोर’ करू नये. राजतरंगिणीत ती केली तर अर्थव्यवस्थाच उलटीपालटी होते. आणि चौथे, नाणकशास्त्रज्ञांचे निष्कर्ष घेताना ते कोणत्या वर्षीचे आहेत तेही पाहावे, कारण तेथेही पृष्ठभागावरून गाभ्याकडे जाण्याचे काम चालूच आहे.

भारतीय भाषांचे वाङ्मय परस्परसापेक्ष वाचावयाचे असेल, तर अशा सामायिक शब्दांचा हिशेब चोख असणे अत्यावश्यक आहे. एका प्राकृत सूत्राचा काळ दीनारावरून, त्या सूत्रावरून एका संस्कृत कथेचा, आणि त्या कथेवरून एखाद्या देशी काव्याचा, अशी जी साखळी तयार होते, तिच्या पहिल्याच कडीत चांदी किती आहे हे कोणीतरी तपासावयास हवे. सिंहलच्या राजाने केवळ मुखे पाहून विश्वास ठेवला नाही. त्याने वजनांची तुलना केली. ग्रंथांच्या अभ्यासकाकडून अपेक्षा आहे ती एवढीच.